डागडुजी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे. तांब्याचा बंब आहे, त्यात शेवटचं पाणी 1991 साली तापलं. घडीच्या तीन खाटा आहेत. एक उघडत नाही, एक मिटत नाही, आणि तिसरीचं काय ते बसल्याशिवाय कळत नाही. तारेची मूठ असलेला डालड्याचा डबा आहे, त्यात एकही सरळ नसलेले खिळे आहेत. दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, बायकोच्या रुखवतातला काडेपेट्यांचा ताजमहाल आहे, आणि 2018 साली सरकारने थर्माकोलवर बंदी आणल्यापासून फरार असलेलं एक मखर आहे. 'गॅरेजमध्ये टाक' हे आमच्या घरात क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'फेकायचं धाडस नाही' असा होतो.

गाडी कधीच नव्हती असं नाही. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, 1979 साली कोथरूडला बंगला बांधला तेव्हा त्यांचा स्कूटरचाही नंबर लागायचा होता, तरी त्यांनी आधी चारचाकीचं घर बांधून घेतलं. सहा वर्षांनी सेकंडहँड फियाट आली, सोळा वर्षं तिथे नांदली आणि 2001 साली गेली. त्या काळात मी बँकेच्या बदल्यांपायी नांदेड, अकोला, बेळगाव असा फिरत होतो. अण्णा 2009 साली गेले. 2012 साली मी निवृत्त होऊन घरी परतलो आणि पहिल्याच आठवड्यात, अंगात उत्साह होता तोवर, गॅरेज आवरून घेतलं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

तर त्या गॅरेजच्या छताला एक डाग आहे. माझी आजी 'डाग' म्हणायची ते सोन्याच्या दागिन्याला. तो डाग अडीअडचणीला मोडता यायचा. हा मोडत नाही. साधारण जेवणाच्या ताटाएवढा, मध्ये फिकट चहाच्या रंगाचा आणि कडेने गडद. कडच गडद का, याचा शोध 1997 साली शिकागो विद्यापीठातल्या मंडळींनी कॉफीच्या थेंबावर लावला: थेंब वाळताना कडेचं पाणी आधी उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं, आणि जाताना सगळा मळ बरोबर नेतं. मोठी माणसं, मोठं काम. आमच्याकडे आले असते तर कॉफीचा खर्च वाचला असता.

डागाच्या बरोबर मधोमध एक लोखंडी कडी आहे. ती कशासाठी, याबद्दल घरात तीन मतं होती. बायकोच्या मते पाळण्यासाठी, मुलाच्या मते पंख्यासाठी, आणि माझ्या मते फियाटचं इंजिन उचलण्यासाठी. गॅरेजात पाळणा बांधायला माणसाला काय झालंय, असं मी म्हणालो. त्यावर तिने, इंजिन उचलायला अण्णा काय पैलवान होते का, असं विचारलं. आईला विचारावं हे कुणाच्या मनात आलं नाही. आई 84 वर्षांची आहे आणि गॅरेजशी तिचा संबंध पुरणयंत्रापुरता.

डाग असता तर असता, आम्ही काही गॅरेजात झोपत नव्हतो. पण मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. आम्ही टेप घेऊन मापं काढली. गॅरेज फियाटच्या अंगाचं. नवी गाडी आत जात होती, पण गेल्यावर दार उघडत नव्हतं. म्हणजे गाडी आत गेली असती आणि मुलगाही आतच राहिला असता. "बाबा, मी डिकीतून उतरेन," तो म्हणाला. या पिढीला कशाचीच लाज नाही. चार्जरसाठी इलेक्ट्रिशियन आला. त्याने मीटर पाहिला, भिंत पाहिली आणि शेवटी वर पाहिलं. कडीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. दिवस कार्तिकातले, पाऊस जाऊन महिना झालेला.

"काका, हे पाणी कुठलं?"

"जुनं घर आहे," मी म्हणालो. पुण्यात हे उत्तर बहुतेक प्रश्नांना चालतं.

"मी 32 अँपिअरचा पॉइंट देणार आणि वरून अभिषेक. आधी छताचं बघा, मग मला फोन करा."

थेंब पडला तो खालच्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर. गठ्ठा उचलायला गेलो तर हातात लगदा आला. इतकी वर्षं आमचं साहित्य ते पाणी मुकाट्याने पीत होतं.

डागडुजी या शब्दात आधी डाग येतो हे मला तोवर जाणवलं नव्हतं. पुढचं वर्षभर मी त्या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यातच राहिलो.

पहिला आला रंगारी. त्याने डाग पत्र्याच्या पट्टीने खरवडला, पुट्टी भरली, वर पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात मारले, साडेतीन हजार घेतले आणि "साहेब, आता डाग शोधून दाखवा" म्हणून गेला. तीन आठवडे मला खरंच सापडला नाही. चौथ्या आठवड्यात डागानेच मला शोधून काढलं. आधी एक सावली, मग कड, मग अख्खं ताट. रंगाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "रंग चांगला होता, डागच जुना आहे." शास्त्र असं की पाण्यात कालवलेला रंग पाण्याच्या डागावर लावला की वाळलेला डाग पुन्हा विरघळतो आणि रंगाबरोबर वर चढतो. झाकायला गेलेला रंगच त्याची शिडी होतो.

मग न्यू जर्सी जागं झालं. तिथे एडिसनला माझा मेहुणा असतो. त्याच्या घरात दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि त्यात गाड्याही आहेत, एवढ्यावरून त्याला गॅरेज या विषयात सल्ला द्यायचा हक्क मिळाला आहे. व्हिडिओ कॉलवर त्याने मला स्वतःचं छत दाखवलं. तिकडे स्लॅब नसतो. लाकडी वाशांना खालून जिप्समचे तक्ते ठोकतात. गॅरेजवर झोपायची खोली असेल तर तक्ता 5/8 इंच जाडीचा आणि आगीला टिकणारा लागतो, असा कायदा आहे. आमच्याकडे गॅरेजवर तुळस असते, तिच्यासाठी काही जाडी ठरलेली नाही.

"भाऊजी, चुकलात तिथेच," तो म्हणाला. "पाण्याचा रंग नाही चालत. शेलॅकचा प्रायमर मारा. डाग आत कोंडला जातो. विषय संपला."

शेलॅक म्हणजे लाख, हे मी पाहून घेतलं तेव्हा मला भरून आलं. झारखंडच्या जंगलात कुसुमाच्या आणि पळसाच्या फांद्यांवर किडे बसतात, ते जे स्रवतात त्याची लाख होते, ती साता समुद्रापार जाऊन डब्यात बसते आणि न्यू जर्सीच्या छताचा डाग कोंडते. आणि आपण इथे डिस्टेंपर मारत बसतो! पुरोचनाने वारणावतात पांडवांसाठी अख्खं घर लाखेचं बांधलं. त्याला बाकी काही म्हणा, त्या घराच्या छताला ओल होती अशी तक्रार महाभारतात नाही.

मी बोहरी आळीत गेलो. तिथल्या दुकानदारांना तुम्ही काय मागताय यापेक्षा ते कशाला मागताय याची काळजी जास्त असते.

"चपडा लाख द्या. पाव किलो."

"किती फर्निचर आहे?"

"फर्निचर नाही. छताला लावायचीय."

त्याने चष्मा वर केला. "लाकडी छत?"

"स्लॅब."

"स्लॅबला पॉलिश?"

"डाग कोंडायचाय."

त्याने आतल्या माणसाला हाक मारली. मला वाटलं लाख आणायला. पण तो माणूस आला, माझ्याकडे बघितलं आणि रिकाम्या हाताने परत गेला. "स्पिरिटपण लागेल," दुकानदार म्हणाला. "पिऊ नका."

रात्रभर लाख स्पिरिटमध्ये भिजली. सकाळी मी घडीची खाट (न मिटणारी) उभी करून तिच्यावर स्टूल ठेवलं आणि छताला लाख लावली. वर बघून रंग देणं हा प्रकार आयुष्यात एकदा करून पाहावा. लाख ब्रशवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून बनियनमध्ये उतरते, आणि वाळली की काख उघडत नाही. मायकेलअँजेलोने 1508 पासून चार वर्षं सिस्टिन चॅपेलच्या छताखाली उभं राहून काढली, आणि रंग तोंडावर ठिबकतो म्हणून मित्राला चक्क कविता लिहून रडगाणं गायलं. माझ्या बाबतीत बायकोने खालून फक्त एवढं विचारलं, "अहो, हा वास कसला? दुपारी कुणी येणार आहे का आज?"

वाळल्यावर पाहिलं. डाग खरोखर कोंडला गेला होता. पण छतावर आता सायकलच्या चाकाएवढा, चकचकीत, मधाच्या रंगाचा गोल होता. एडिसनला फोटो पाठवला. उत्तर आलं: 'भाऊजी, पांढऱ्या रंगद्रव्याचा प्रायमर म्हणालो होतो. हे टेबलाचं पॉलिश आहे.'

मी एकटाच असा नाही, ही माहिती त्या दिवसांत मला फार आधार देऊन गेली. 1920 च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटत आलेले पोपडे परत चिकटवले हे चांगलंच केलं. पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं, मग काळवंडलं, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते नंतर कापसाच्या बोळ्यांनी उतरवत बसावं लागलं. अजिंठ्याच्या लेण्यात जे इटालियन तज्ज्ञांना जमलं ते मी कोथरूडच्या गॅरेजात एका सकाळी केलं, तेही स्वखर्चाने. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अजिंठ्याला निदान तिकीट असतं.

फेब्रुवारीत पीओपीवाला आला. याचं तत्त्वज्ञान सरळ होतं. डागाशी भांडायचंच नाही, त्याच्याखाली दुसरं छत लावायचं. "नऊ इंच खाली येऊ, मध्ये गोल डिझाइन, कडेने लाइट." गॅरेजला लाइट कशाला, म्हटल्यावर तो "लुक येतो" म्हणाला. कडीचं काय करू, हे त्याने आपणहून विचारलं आणि आपणहूनच ठरवलं की कधी झुंबर लावाल, म्हणून तिच्याभोवती भोक ठेवलं. तीन दिवस पांढरी धूळ उडाली. काडेपेट्यांचा ताजमहाल पहिल्यांदाच संगमरवरी दिसला.

पीओपी कसं होतं पाहा. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांना भाजतात, की त्याच्या अंगातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत या दगडाच्या खाणी होत्या म्हणून हे नाव. त्या भुकटीत पाणी घातलं की तो गेलेलं पाणी परत ओढून घेतो आणि घट्ट होतो. म्हणजे ओल लपवायला आम्ही मुद्दाम तहानलेला दगड आणून लावला होता. आणि पर्यावरणवाले दरवर्षी गणपतीत सांगतात की पीओपीची मूर्ती पाण्यात महिनोन् महिने विरघळत नाही. मूर्तीचं माहीत नाही. आमचं छत अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री विसर्जित झालं. आधी आठवडाभर त्याला पोट सुटलं होतं. रात्री दोनला आवाज झाला. आई झोपेतच "मांजर" म्हणाली. सकाळी बघतो तर मधलं गोल डिझाइन मखरावर पडलेलं. थर्माकोलबंदीची अंमलबजावणी अखेर आमच्याकडे अशी झाली.

स्लॅब पुन्हा उघडा पडला. लाख, डिस्टेंपर, पुट्टी यांच्या सगळ्या थरांतून डाग ओळखीचं हसत होता. कडीला आणखी गंज चढला होता.

आता वॉटरप्रूफिंगवाला. या सगळ्यांत वर जाऊन बघणारा हा पहिला माणूस, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. बाकी सगळे, मी धरून, सहा महिने खालूनच उपचार करत होतो. नाक गळतंय म्हणून मिशीला औषध लावल्यासारखं. गॅरेजच्या वर आमची दहा बाय बाराची गच्ची आहे. त्याने गच्चीभर हातोडी ठोकत फिरून आवाज ऐकला, डॉक्टर पाठ ठोकतात तसा. "सर, कोबा शेहेचाळीस वर्षांचा आहे. कडेचे वाटे फुटलेत. पाणी सळईपर्यंत गेलं तर लोखंड गंजतं, गंज दुपटीहून जास्त जागा खातो, मग काँक्रीटच खाली येतं." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मी गॅरेजमधली खाट हलवली.

पण आधी परीक्षा. पन्हळीचं तोंड बोळ्याने बंद करायचं, गच्चीवर दोन इंच पाणी कोंडायचं आणि तीन दिवस खाली बघत बसायचं. मी हिशेब केला: साडेपाचशे लिटरांच्या वर. मे महिना, महापालिकेचं पाणी सकाळचे दोन तास. बायकोने दोन वाक्यांत विषय मिटवला. पहिलं होतं "अहो." शेवटी टँकर मागवला. सोसायटीतले लोक गच्चीवर टँकरची नळी चढताना बघून, पोहायचा तलाव करताय का, असं विचारून गेले. त्या तळ्यात भिंतीलगतचं तुळशीवृंदावन आपल्या ओट्यावर बेटासारखं कोरडं उभं होतं. आई सकाळी लुगडं घोट्यावर धरून पाण्यातून गेली, तांब्याभर पाणी घातलं, प्रदक्षिणा घातली, परत आली. तळ्याबद्दल तिने एक शब्द काढला नाही.

मी खाली पेन्सिल घेऊन बसलो. मुलगा लहान होता तेव्हा त्याची उंची दाराच्या चौकटीवर अशीच लिहायचो. डागाची कड आखायची, बाजूला तारीख घालायची. तीन दिवसांत साडेपाचशे लिटर पाणी डोक्यावर असताना डाग एका केसानेही वाढला नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याने "गच्ची पास" असं जाहीर केलं आणि तरीही कोबा नवीन करायचं अंदाजपत्रक दिलं.

तारखा मात्र मी घालत राहिलो. निवृत्त माणसाला एवढं पुरतं. डाग मेअखेर वाढला, जूनमध्ये मंदावला, आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा अख्खं पुणं गळत होतं, तेव्हा थांबला. चक्क फिका पडला. भाद्रपदातही तसाच. मग आश्विनात ऊन चढलं तशी कड पुन्हा बाहेर सरकली. पावसात सुकणारा आणि उन्हात भिजणारा डाग! एडिसनला कळवलं. तिकडून बराच वेळ उत्तर नाही, मग एक हात जोडल्याचं चित्र आलं.

उलगडा झाला तो तुळशीच्या लग्नाला. भटजी येऊन गेले, ऊस बांधला, चिंचा-आवळे वाहिले. आईने वृंदावनाला न्हाऊ घातलं, एक नाही, पाच तांबे. मी आवळे वाटत उभा होतो आणि कुठून कोण जाणे डोक्यात मागचा कार्तिक आला. इलेक्ट्रिशियन, कडी, थेंब. हातातली वाटी मुलाकडे दिली आणि बॅटरी घेऊन खाली पळालो. दहा मिनिटं मान वर करून उभा राहिलो. कडीच्या टोकाला पाणी गोळा झालं, लांबलं, पडलं.

वृंदावनावर अण्णांनी पत्रा बसवलेला. पावसाचा थेंब त्यात जात नाही. पावसाळ्यात माती सुकत नाही म्हणून आई पाणी बेताचं घालते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. आणि वृंदावन आधी बांधलं, कोबा नंतर त्याच्या भोवतीने घातला, त्याच्या खाली नाही. वर्षभर हिशेब तिथेच उभा होता.

आता हे आईला सांगायचं कुणी? बायको म्हणाली, "तुमची आई." मुलगा म्हणाला, "तुमची आई." एवढं एकमत आमच्याकडे कधी होत नाही. मी वर गेलो. आई वाती आवरत होती.

"आई, ते गॅरेजात जरा पाणी येतंय."

"तुळशीचं ना? येणारच."

"तुला माहीत होतं?"

"अरे, सत्त्याऐंशीपासून गळतंय ते. अण्णांनी गवंडी आणला होता. तो म्हणाला, वृंदावन फोडावं लागेल. मी म्हटलं, आधी मला फोडा. मग अण्णांनी छताला भोक पाडून कडी बसवली आणि डबा टांगला. फियाटच्या टपावर पडायचं ना." वाती डबीत गेल्या. "रोज सकाळी डबा वर आणून द्यायचे, मी तेच पाणी परत तुळशीला. काही वाया गेलं नाही."

"मग डबा गेला कुठे?"

"तू आलास बारा साली, आणि सगळं आवरलंस." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेलो. "खिळे ठेवलेस त्यात."

"पण आई, वर्षभर हे सगळं चाललं होतं, रंगारी, पीओपी, टँकर... तू बोलली नाहीस?"

"मला वाटलं तू गॅरेज सजवतोयस. आणि मला विचारलंस कधी?"

रात्रीच खिळे वर्तमानपत्रावर ओतले आणि डबा टांगला. तारेची मूठ कडीच्या घासलेल्या खाचेत अशी बसली, जणू कालच काढली होती. चार्जरचा पॉइंट मुलाने बाहेर फाटकाशी घेतला. पीओपीचे कडेचे लाइट मात्र अजून आहेत. डब्यावर उजेड छान पडतो.

तिसऱ्या दिवशी डबा निम्मा भरला. तो दोन्ही हातांत धरून मी जिना चढत होतो. वरून आईचा आवाज आला, "सावकाश आण रे. सांडलं तर स्लॅब भिजेल."